इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ संदर्भावरून कसा लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमातून शिकून आता पुण्यात नोकरी करताना इंग्रजी ईमेल आणि बातम्या वाचायला तुम्हाला फारशी अडचण येत नाही, सुटे शब्द बहुतेक सगळे कळतात, परंतु मध्येच एखादा वाक्प्रचार आला की वाक्याचा अर्थ भलतीकडे जातो. स्पर्धा परीक्षेच्या काळात पाठ केलेली पाचशे वाक्प्रचारांची यादी आता आठवत नाही, आणि म्हणून मागच्यापुढच्या मजकुरावरून अर्थ कसा ओळखावा हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. सोबत एक उदाहरणही तुम्ही दिले आहे. परदेशातील सहकाऱ्याने लिहिले होते की ग्राहक शुक्रवारपर्यंत मंजुरी देऊ शकेल, 'बट डोन्ट होल्ड युअर ब्रेथ'. तुम्ही त्याचा अर्थ 'श्वास रोखून बसू नका, म्हणजे काळजी करू नका, काम होईल' असा घेतला, वरिष्ठांना तसे कळवले, आणि शुक्रवार तसाच निघून गेला.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगते की तुमची ही चूक निष्काळजीपणाची नाही. तुम्ही शब्दांवरून एक चित्र डोळ्यांसमोर आणले, ते मराठीतल्या 'श्वास रोखून धरणे' या ओळखीच्या प्रयोगाशी जुळवून पाहिले, त्यातून निघालेला अर्थ वाक्यात बसतो अशी खात्री करून घेतली आणि तिथे थांबलात. चूक झाली ती थांबण्यात. वाक्यात बसणारा अर्थ सापडला म्हणजे वाक्याचा अर्थ सापडला असे होत नाही, कारण एकाच जागी परस्परविरोधी अर्थही बसू शकतात. त्या वाक्यातला 'बट' पुन्हा पाहा. त्याच्या आधीच्या अर्ध्या भागात आशा आहे, मंजुरी मिळू शकेल असे म्हटले आहे. 'परंतु' या शब्दाने वाक्य वळते, म्हणून त्यानंतर आशेच्या उलट दिशेचे काहीतरी यायला हवे, आणि 'काळजी करू नका' हा दिलासा त्या जागी येऊच शकत नाही. आधी वाईट बातमी असती, तर तो दिलासा शोभला असता. सहकाऱ्याला म्हणायचे होते ते असे, की श्वास रोखून वाट पाहाल तर गुदमराल, इतका हा विषय लांबेल. म्हणजेच फार आशा धरू नका.

संदर्भाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे यावरून लक्षात यावे. संदर्भ अर्थ उचलून हातात देत नाही. तो अर्थाभोवती कुंपण घालतो आणि कुंपणाबाहेरचे अर्थ बाद करतो. म्हणून अनोळखी वाक्प्रचार आला की 'याचा अर्थ काय?' असे लगेच विचारण्यापेक्षा, आधी इथे घडलेले चांगले की वाईट, ते घडून गेले आहे की टळले आहे, आणि बोलणारा ते कौतुकाने सांगतो आहे की कुत्सितपणे, एवढेच विचारावे. या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा मजकुरात असतात. नेमका अर्थ मिळाला नाही तरी तेवढ्यावर वाचन पुढे जाऊ शकते, आणि तोच वाक्प्रचार दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा भेटला की कुंपण आणखी आवळत जाते.

मात्र त्याच्याही आधी, समोर वाक्प्रचार आहे हे कळावे लागते, आणि मराठी वाचकाची पहिली अडचण बऱ्याचदा इथेच असते. संचालकांच्या बैठकीच्या वृत्तांतात अचानक घेवड्याचे दाणे सांडले ('स्पिल द बीन्स'), तर कोणीही चमकेल. पण इंग्रजीत आणखी एक खूण असते, जी आपल्या नजरेतून सहज निसटते, कारण मराठीत तो प्रकारच नाही. ही खूण म्हणजे 'द' हे उपपद. इंग्रजी वाचकाला 'द बकेट' म्हटले की कोणती बादली हे आधीच ठाऊक असायला हवे. मजकुरात बादलीचा उल्लेखच झालेला नसताना 'किक द बकेट', गोळीचा पत्ता नसताना 'बाइट द बुलेट', बर्फाचा संबंध नसताना 'ब्रेक द आइस', गाण्याबजावण्याचा विषय नसताना 'फेस द म्युझिक' असे आले, तर हे 'द' मागच्या कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवत नाही आणि पूर्ण शब्दसमूह एक घट्ट गाठोडे आहे, असे समजावे. हा नियम सगळीकडे चालत नाही. 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' मध्ये तसे 'द' नाही, आणि सूर्याला इंग्रजीत 'द सन' च म्हणतात. तरीही माझ्या वर्गात या एका खुणेने जितके वाक्प्रचार पकडले गेले तितके दुसऱ्या कशाने पकडले गेले नाहीत. काही ठिकाणी व्याकरणच मोडलेले दिसते. 'बाय अँड लार्ज' मध्ये एक शब्दयोगी शब्द आणि एक विशेषण 'आणि' ने जोडले आहेत, जे साध्या वाक्यात कधी घडणार नाही. शिडाच्या जहाजांच्या परिभाषेतून आलेला हा प्रयोग आज 'एकंदरीत' एवढ्याच अर्थाने वापरला जातो.

आता कुंपण घालायचे तर खांब पक्के हवेत, म्हणजे आजूबाजूचे शब्द ओळखीचे हवेत. हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांमागे अनोळखी शब्द एखादाच चालतो. ज्या परिच्छेदात दर ओळीला दोन शब्द अडतात, त्यात वाक्प्रचाराचा अंदाज बांधायला जाणे म्हणजे वाळूत खुंटा ठोकणे होय. म्हणून मी शिकवताना सुरुवातीला इंग्रजी वाक्य देतच नाही. वाक्य मराठी ठेवते आणि फक्त वाक्प्रचार इंग्रजी. उदाहरणार्थ, 'आजोबांच्या पंचाहत्तरीचा बेत आम्ही दोन महिने लपवून ठेवला होता, पण आदल्या दिवशी धाकट्याने जेवताना स्पिल्ड द बीन्स, आणि आजोबांनी सकाळीच नवा सदरा इस्त्रीला टाकला.' हा वाक्प्रचार कधीही न ऐकलेली मुलेही 'बिंग फोडले' असे उत्तर देतात. लपवणे, 'पण', आणि आजोबांची तयारी या तीन खांबांच्या मध्ये दुसरा अर्थ मावत नाही. ही रीत घरीही वापरता येते. अडलेले इंग्रजी वाक्य मनात मराठीत सांगावे, वाक्प्रचाराच्या जागी रिकामी जागा ठेवावी, आणि मराठी माणूस तिथे काय म्हणेल ते ऐकावे. कान बहुधा बरोबर शब्द पुरवतो.

खांब कुठे असतात, हेही अनुभवाने कळू लागते. 'बट', 'ऑलदो', 'सो', 'फायनली', 'इन्स्टेड' यांसारखे जोडणारे शब्द दिशा दाखवतात, आणि वाक्प्रचारानंतरचे वाक्य पुष्कळदा त्याचेच साध्या शब्दांत स्पष्टीकरण असते. बातम्या लिहिणारे हे हमखास करतात. 'बाइट द बुलेट' चे उदाहरण घ्या. एक गृहस्थ अक्कलदाढ काढणे तीन वर्षे टाळत होते आणि 'फायनली' गेल्या महिन्यात त्यांनी 'बिट द बुलेट', इतकेच वाक्य असेल तर वर्गात दोन उत्तरे हमखास येतात: दाढ काढून घेतली, किंवा वेदनाशामक गोळी खाल्ली. दुसऱ्या उत्तराला मुले हसतात, पण मी हसू देत नाही, कारण मराठीत दोन्ही गोळ्यांना एकच शब्द आहे आणि त्या वाक्यात तो अर्थ बाद होण्यासारखे काही नाही. पुढे 'आता त्यांना रात्रभर झोप लागते' असे आले तरीही प्रश्न सुटत नाही. 'एका आठवड्यात टाके काढले' असे आले की मात्र सुटतो. नको वाटणारी गोष्ट मन घट्ट करून एकदाची उरकणे, हा त्याचा अर्थ तिथे उघड होतो. पहिल्या दोन वाक्यांवर भरवसा ठेवून निर्णय घ्यायचा नसतो, हे यातून मला दाखवायचे असते.

तुमच्या प्रश्नात न आलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगते. अनोळखी वाक्प्रचार फारसा धोकादायक नसतो, कारण तो अडवतो आणि वाचक सावध होतो. धोका असतो तो मराठी वाक्प्रचारासारख्या दिसणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचाराचा. तो अडवत नाही, हसत हसत आत घेतो. 'पुलिंग समवन्स लेग' याचे शब्दशः मराठी 'पाय ओढणे' होते, आणि पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. स्वतःच्या समाजाविषयी बोलताना आपण तो प्रयोग जरा जास्तच आवडीने करतो. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ थट्टा करणे, फिरकी घेणे एवढाच आहे. माझा एक जुना विद्यार्थी परदेशी कंपनीत रुजू झाला तेव्हा, त्याने सांगितलेली एक खरीखुरी बातमी ऐकून त्याचा साहेब म्हणाला, 'आर यू पुलिंग माय लेग?' साहेबाला म्हणायचे होते, 'थट्टा करतोस काय?' याला वाटले, आपल्यावर कारस्थानाचा आरोप झाला, आणि तो दोन दिवस खुलासा लिहीत बसला. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांतही हा प्रयोग राजकारणातल्या पाडापाडीसाठी वापरलेला आढळतो, त्यामुळे आपला गैरसमज आणखी पक्का होतो.

हातांची गोष्ट याहून गमतीची आहे. आपल्याकडे कोणी 'हात धुऊन मागे लागतो' तेव्हा तो पिच्छा सोडत नाही. इंग्रजीत कोणी एखाद्या प्रकरणाबाबत 'वॉशेस हिज हँड्स ऑफ इट' तेव्हा तो पिच्छा सोडून देतो, हात झटकून मोकळा होतो. या प्रयोगामागे बायबलमधला प्रसंग आहे: येशूला क्रुसावर देण्याच्या वेळी रोमन सुभेदार पिलात याने जमावासमोर हात धुऊन, या रक्ताचा दोष माझ्यावर नाही, असे सांगितले. हात तेच, पाणी तेच, अर्थ नेमका उलटा.

परंतु सर्वांत फसवी जागा मला 'द लास्ट स्ट्रॉ' ही वाटते, कारण इथे संदर्भसुद्धा चुकीच्या अर्थाला मान डोलावतो. 'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली आहे, आणि इंग्रजीत 'क्लच अ‍ॅट स्ट्रॉज' हा जवळजवळ तसाच प्रयोग आहेही. त्यामुळे 'स्ट्रॉ' म्हणजे काडी आणि काडी म्हणजे आधार, असे समीकरण मनात तयार असते. मग वाक्य येते: वर्षानुवर्षे अपमान सोसले, पगारवाढ नाकारली गेली, आणि शेवटी मुलीच्या लग्नासाठी मागितलेली रजाही नामंजूर झाली, 'दॅट वॉज द लास्ट स्ट्रॉ', आणि तिने राजीनामा दिला. विद्यार्थी अर्थ लावतो, 'तो तिचा शेवटचा आधार होता, तो गेला, म्हणून तिने नोकरी सोडली.' दिशा बरोबर, परिणाम बरोबर, वाक्यही चपखल, पण अर्थ चूक. इथली काडी उंटाच्या पाठीवरची आहे. आधीच ओझ्याने वाकलेल्या उंटाच्या पाठीवर आणखी एक गवताची काडी ठेवली आणि पाठ मोडली, असे ते चित्र आहे. आपण त्याला संयमाचा कडेलोट म्हणू. फरक कळायचा तर 'दॅट' कशाकडे बोट दाखवते ते पाहावे. ते रजेकडे बोट दाखवत नाही, रजा नाकारण्याकडे दाखवते. नाकारणे हा आधार कसा असेल? सर्वनामाचा असा माग काढण्याची सवय लागली की पुष्कळ फसवे अर्थ गळून पडतात.

मातृभाषेशी अर्धवट जुळणाऱ्या वाक्प्रचारांचा हा घोळ फक्त आपला नाही. सुझान इरुहो यांनी १९८६ मध्ये स्पॅनिश मातृभाषेच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे असलेले वाक्प्रचार सर्वांत सोपे जातात, पण थोडेसेच वेगळे असलेले वापरताना मातृभाषेची सरमिसळ होते. 'अ‍ॅड फ्युएल टू द फायर' आणि 'आगीत तेल ओतणे', 'क्रोकोडाइल टिअर्स' आणि 'नक्राश्रू', 'सावर ग्रेप्स' आणि 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' यांना वेळ देऊ नका, ते आपोआप कळतील. मात्र 'गेट कोल्ड फीट' ला 'हातपाय गार पडणे' म्हणून पुढे जाऊ नका. आपले हातपाय संकट कोसळल्यावर गार पडतात, तर इंग्रजांचे पाय स्वतः ठरवलेल्या गोष्टीच्या ऐन आधी गार पडतात आणि ते माघार घेतात.

संदर्भ फक्त छापील मजकुरात असतो असेही नाही. कोण, कुठे, कोणत्या देशात बोलतो आहे, हाही संदर्भच. ब्रिटनमध्ये एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे चर्चेसाठी मांडणे, आणि अमेरिकेत त्याचा अर्थ तो बाजूला ठेवून देणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला, आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती हे नंतर लक्षात आले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवले आहे. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे 'सभागृहाच्या पटलावर ठेवली' जातात ती ब्रिटिश वळणाने. अमेरिकी सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये मात्र हा शब्द दिसला तर तुमचा विषय बासनात गेला असे समजा. बोलणाऱ्याची वृत्ती हाही संदर्भाचाच भाग आहे. 'किक द बकेट' चा अर्थ यादीत 'मरणे' असा दिलेला असतो, पण त्याचा रंग 'निधन होणे' चा नाही, 'गचकणे' चा आहे. एका विद्यार्थ्याने सांत्वनपत्रात तो प्रयोग करून ठेवला होता. सुदैवाने पत्र पाठवण्याआधी मला दाखवले.

वाक्प्रचाराच्या जन्मकथेवरून अर्थ शोधू नये, असेही सुचवीन. कथा लक्षात ठेवायला उपयोगी पडतात, ओळखायला नाही, शिवाय कित्येक रचलेल्या असतात. 'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे सगळेच्या सगळे, काहीही शिल्लक न ठेवता. यार्ड म्हणजे वार, म्हणून आमच्या वर्गात कोणीतरी दरवर्षी नऊवारी लुगडे काढतेच, आणि गंमत अशी की त्या लुगड्यावरून अर्थही बरोबर निघतो. या अमेरिकी प्रयोगाचा उगम अजून निश्चित झालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिकडच्या वृत्तपत्रांत 'सहा यार्ड' असाही पाठ सापडतो.

यादीबद्दल दोन शब्द. ती आठवत नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. अशा याद्यांत चित्रमय वाक्प्रचार भरलेले असतात, आणि प्रत्यक्ष लिखाणात त्यांतले बरेचसे क्वचितच भेटतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मी पाठ्यपुस्तकात जितक्या वेळा पाहिले तितक्या वेळा इतरत्र पाहिलेले नाही. रोज भेटतात ते 'टेक फॉर ग्रांटेड', 'इन द लाँग रन', 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' असे बिनरंगी प्रयोग. शेवटच्याचा अर्थ 'दिवसअखेर' असा घेऊन संध्याकाळपर्यंत अहवाल पूर्ण करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा अर्थ पुष्कळदा 'सरतेशेवटी पाहता' एवढाच असतो. परीक्षेची गोष्ट वेगळी. लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्प्रचार आहेत, तिथे वाक्य तोकडे असते आणि पर्यायांत शब्दशः अर्थाचा सापळा लावलेला असतो, त्यामुळे पाठांतराला इलाज नाही.

अंदाज बांधून झाल्यावर शब्दकोश जरूर उघडा, आधी नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत वाक्प्रचार बहुधा त्यातल्या मुख्य शब्दाखाली वेगळे दिलेले असतात, म्हणून 'होल्ड' खाली नाही मिळाला तर 'ब्रेथ' खाली पाहावा. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने अर्थ पूर्ण वाक्यात देण्याची पद्धत आणली. ती तुमच्या कामाची आहे, कारण वाक्यातून वापराची जागाही कळते. मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाची १८५७ ची आवृत्ती कधी हाती आली तर 'हात' ही नोंद जरूर चाळा. आपले हात झटकणे, हात मारणे एका इंग्रजाने किती चिकाटीने गोळा केले ते पाहिले की आपले श्रम हलके वाटतात. आणखी खोलात जायचे असेल तर १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा भाषासंग्रह संगणकावर पाहता येतो. त्यात वाक्प्रचार टाकला की खऱ्याखुऱ्या वापरातली वाक्ये एकाखाली एक येतात, आणि एका वाक्यात न सुटलेला अर्थ आठ-दहा वाक्यांत सुटतो.

राहिला तुमच्या कचेरीचा व्यवहार. तिथे अंदाज चुकण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून विचारून घ्यावे, पण 'याचा अर्थ काय?' असे विचारू नये. स्वतःचा अंदाज साध्या इंग्रजीत मांडून त्याची खात्री करून घ्यावी. त्या ईमेलला 'म्हणजे शुक्रवारपर्यंत मंजुरी येईल असे मी वरिष्ठांना सांगू नये, बरोबर?' एवढ्या अर्थाची एक ओळ पुरली असती. उत्तर 'हो' आले तरी काम झाले असते आणि 'नाही' आले तरीही.